थांबून बघू

"दादा, आता बघा," म्हणत दिगूने उजवा पाय उचलला आणि थेट सतरंजीच्या मधोमध धरला. बुटाचा तळ पुढून पार सुटला होता. त्याने अंगठा हलवला की बूट सुसरीसारखा तोंड उघडायचा.

दादांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बूट काढून हातात घेतला, शिवण बोटाने चाचपली.

"मागितलास तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"थांबून बघू."

"थांबलो. चाललं?"

"नाही चाललं."

"म्हणजे?"

"म्हणजे गरज," दिगू म्हणाला.

"गरज. मंजूर," दादा म्हणाले, आणि बूट त्यांनी आदबीने खाली ठेवला.

आमच्याकडे पगारानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळचा चहा झाला की अशी बैठक बसायची. ज्याला जे हवं ते त्याने सतरंजीवर बसून मागायचं आणि ती गरज की हौस, ते दादांनी ठरवायचं. गरज असेल तर त्याच महिन्यात वस्तू यायची. हौस असेल तर दिवाळीनंतर बघू.

दादा सूतगिरणीत स्टोअरकीपर होते. खात्यांतून पट्टे, बेअरिंग, तेल, बॉबिनी अशा मागण्या यायच्या. दादा लगेच माल देत नसत. कागद तारेला टोचून ठेवत आणि थांबत. फिटर परत आला, आरडाओरडा केला, यंत्र खरंच बंद पडलं, तर मागणी खरी. आला नाही तर त्याचं त्याशिवाय चाललं, म्हणजे मागणी खोटी. या रीतीने गिरणीचा पुष्कळ पैसा वाचला होता. गिरणीतला सुताचा तुकडाही त्यांनी कधी घरी आणला नाही. घरीही नियम सगळ्यांना सारखा होता, त्यांना स्वतःलासुद्धा. विडी सोडून पाहिली, चाललं, कायमची सुटली. गिरणीत सायकलने जाणं सोडून पाहिलं, चाललं, सायकल विकली. वर्तमानपत्र मात्र त्यांनी तीन दिवस बंद ठेवलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा लावलं. "नाही चालत," म्हणाले. ते गरजेत गेलं.

दिगू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दादांची कसोटी त्याला आमच्या सगळ्यांत आधी कळली होती. बुटाचा तळ त्याने दाढीच्या जुन्या ब्लेडने सोडवला होता. मी पाहिलं होतं, आईनेही पाहिलं होतं. ती काही बोलली नव्हती.

त्या रविवारी दादा उठायला लागले, तेवढ्यात आई म्हणाली, "मलाही एक मागायचंय."

आई कधीच सतरंजीवर बसायची नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तांदळाचं ताट घेऊन निवडत बसायची. दादा पुन्हा बसले. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

"माग की. तुझी तर कधी मागणीच नसते."

"मोटार पाहिजे."

"कुठली, ॲम्बेसिडर?" दिगू म्हणाला.

"पाण्याची."

आम्ही माडीवर राहायचो. खाली अंगणात तीन बिऱ्हाडांत मिळून एक नळ होता आणि गावात पाणी दहा दिवसांनी यायचं. यायचं तेही पहाटे, नेमक्या वेळेचा अंदाज न देता. दोन-अडीच तास नळ चालायचा. तेवढ्यात पुढच्या दहा दिवसांचं पाणी जिन्याने वर चढवायचं. जिना दगडी, अरुंद, मध्ये वळण. आई एक कळशी कमरेवर आणि एक हंडा डोक्यावर घेऊन चढायची. मी वर उभी राहून पिंपात ओतून घ्यायची; कारण दोघी जिन्यावर समोरासमोर आलो की एकीला माघारी फिरावं लागायचं. दादा पहिल्या पाळीला गेलेले असायचे आणि दिगूची शिकवणी असायची. नळाखाली पिंप ठेवून त्यात छोटी मोटार सोडली की पाइपाने पाणी थेट माडीवर येतं, हे आईने पेठेत कुणाकडे तरी पाहिलं होतं.

"किंमत काढलीस?" दादांनी विचारलं.

"पाइपासकट आठशेच्या आत बसते."

"हं. आणि कारण?"

आई ताटातला एक खडा शोधत राहिली. "ओढल्यासारखं होतं. खाली, पोटात. दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणाल्या, जड उचलायचं नाही."

दिगू समोर होता म्हणून ती याहून जास्त बोलली नाही, हे मला नंतर कळलं. दादांनीही आवाज खाली आणला.

"औषध दिलंय?"

"दिलंय."

"मग झालं तर. औषधाने बरं वाटलं तर मोटार कशाला लागेल? आणि नाही वाटलं तर आहेच. थांबून बघू. तीन महिने."

"बरं," आई म्हणाली.

*

खालच्या बिऱ्हाडात जंगमकाकू राहायच्या. त्यांचे यजमान शिंपीकाम करायचे आणि काकू दिवसभर काजं-बटणं करत दारात बसायच्या. त्यांच्या नजरेतून अंगणातलं काही सुटायचं नाही.

"प्रयागबाई, वळणावर किती येळ उभी ऱ्हातीस गं? दम खातीस का देवाचं नाव घेतीस?"

"दोन्ही," जिन्यातून आईचा आवाज यायचा.

"देव काय हंडा धरायला येत न्हाई."

"तो तरी किती जणींचे धरणार?"

एका पाण्याच्या दिवशी आई वळणावर बसली. हंडा शेजारी ठेवून, भिंतीला टेकून. मी वरून पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तिने निऱ्या मुठीत घट्ट धरल्या होत्या. काकू चार पायऱ्या चढून आल्या.

"दाखव जाऊन पुन्हा."

"दाखवलंय."

"मंग मालकांना सांग."

"सांगितलंय. थांबून बघायचंय."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. "तुझ्या पोराचा बूट फाटला, त्याला बूट मिळाला. तू गं काय फाडून दाखवणार?"

आई हसली. मग उठली आणि हंडा डोक्यावर घेतला.

*

तीन महिने झाले ते दादांच्याच लक्षात होतं. आई काही बोलली नव्हती. बैठकीत दिगूने क्रिकेटचं पॅड मागून पाहिलं, ते हौसेत गेलं. माझी भूमितीची पेटी गरजेत गेली. मग दादा स्वयंपाकघराकडे वळले.

"मोटारीची मागणी राहिली आहे."

आईचे हात थांबले.

"या तीन महिन्यांत घरात पाणी नाही असं कधी झालं?"

"नाही."

"पिंप कधी रिकामं राहिलं? कुणी बिनआंघोळीचं गेलं?"

"नाही."

"मग? चाललं ना?"

"चाललं. पण..."

"पण काय?"

आईने दिगूकडे पाहिलं, मग ताटाकडे. दादा खरोखरच उत्तराची वाट बघत होते. उत्तर आलं असतं तर त्यांनी ते नीट ऐकलंही असतं. पण आईला जे सांगायचं होतं ते चौदा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर सतरंजीवर मांडण्यासारखं नव्हतं, आणि बैठकीत नाही मांडलं ते दादा धरत नसत.

"हौस," दादा म्हणाले. आवाजात कठोरपणा अजिबात नव्हता. "वाईट वाटून घेऊ नकोस. दिवाळीनंतर बघू."

आईने ताट बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले.

"अहो, हे थांबून बघणं वस्तूंनाच लागू, की माणसांनाही?"

"म्हणजे?"

"मी आठ दिवस आप्पाकडे जाते, कुर्डुवाडीला. माझ्याशिवाय चालतं का बघा. नाही चाललं तर मी येईन त्या दिवशी मोटार आणायची."

दिगूने आणि मी एकमेकांकडे बघितलं. लग्न झाल्यापासून आई माहेरी एका वेळी दोन रात्रींच्या वर राहिलेली आम्हाला माहीत नव्हती.

दादा हसले, आणि त्या हसण्यात कौतुकच होतं. "हे मात्र मुद्द्याचं बोललीस. मंजूर. आणि अटी मी घालतो. हॉटेलचा डबा आणायचा नाही. शेजारून वाटीभरही मागायचं नाही. तसं केलं तर मी हरलो."

"बरं."

"आणि चाललं तर?"

"तर मोटारीचं नाव काढणार नाही."

"मोटारीचंच फक्त?" दिगू म्हणाला. त्याला गंमत वाटत होती.

आईने त्याच्याकडे पाहिलं. "कशाचंच नाही," ती म्हणाली.

"मग उद्याच नीघ," दादा म्हणाले. "सोमवारी गाडीला गर्दी नसते."

"परवा पाणी यायचंय. ते झालं की जाते."

"बरं," दादा म्हणाले.

*

पाणी आलं. त्या पहाटे आई खाली किती वेळा गेली ते मी मोजलं नाही, पण वर ओतून घेताना माझेच दंड भरून आले. दोन्ही पिंपं भरली. आंघोळीचा बंब भरला. हंडे, घागरी, लग्नात आलेलं मोठं पातेलं, शेवया उकडायचं भगोणं. एवढंच नाही, तिने जंगमकाकूंचे दोन हंडे मागून आणले आणि तेही भरले. एक पलंगाखाली सरकवला, एक दारामागे. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घासून त्यांत पाणी भरलं आणि तोंडाला फडकी बांधली. नळाचा आवाज बारीक झाला तरी ती खाली तांब्या लावून उभी होती.

दुपारी ती चुलाणापाशी बसली. कडक भाकऱ्यांची चळत रचली, तिच्यावर कापड टाकलं. शेंगांची चटणी कुटली. तूरडाळ भाजून, भरडून डबा भरला. मीठ-मिरची कुठे आहे ते मला दाखवलं. मला ते आधीच माहीत होतं.

"आई, तू आठ दिवसांसाठी चाललीस की आठ महिन्यांसाठी?"

"दिगूला ताक रात्री देऊ नकोस. खोकतो."

मला वाटलं, हिला जायचंच नाहीये. म्हणून ही एवढं काढून बसली आहे.

संध्याकाळी ती वळणावरून न थांबता खाली उतरली आणि काकूंकडे गेली. बराच वेळ दार लावून दोघी आत होत्या. परत आली तेव्हा पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधलेली होती. सकाळच्या गाडीने ती गेली.

*

ते आठ दिवस, खरं सांगायचं तर, मजेत गेले.

दादांनी पहिल्याच सकाळी सतरंजीवर कामं वाटून दिली. भात मी लावायचा, डाळ ते स्वतः, भांडी दिगूने. पाण्याला माप ठरलं. आंघोळीला एक बादली, तीही अर्धी. डाळ-तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं तुळशीला. पहिल्या दिवशी डाळ खाली लागली. दिगू म्हणाला, "धुराचं वरण आहे, पाहुण्यांना देतात." दादा खदखदून हसले. कडक भाकरी त्या वरणात कुस्करायची, वर चटणी टाकायची. पोट भरायचं.

दादांच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण तुटलं. आई असती तर त्यांना कळायच्या आत लागलं असतं. त्यांनी तिथे टाचणी लावली आणि आरशात बघितलं.

"चालतं," म्हणाले.

"टोचत नाही?" मी विचारलं.

"मान सरळ ठेवली तर नाही टोचत."

पाचव्या की सहाव्या दिवशी दुसऱ्या पिंपाच्या तळाला तांब्या खरवडला. दादा पिंपात वाकून बघत राहिले. मला त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. पाणी यायला अजून अवकाश होता आणि शेजारून मागायचं नव्हतं. ती अट त्यांनीच घातली होती. ते मोडणारे नव्हते. तेवढ्यात दिगू पलंगाखाली चेंडू काढायला शिरला आणि तिथून ओरडला, "दादा, इथे हंडा आहे! भरलेला!"

मग दारामागचा सापडला. मग बरण्या. फळीवरचं पातेलं.

दादा मागे हात बांधून या सगळ्या भांड्यांसमोरून फिरले, गिरणीत फिरत असतील तसे.

"बघा," ते म्हणाले. "आपल्या घरात पाणी कधी संपत नाही."

*

आई परत आली ती दुपारी, आप्पामामाने दिलेले पेरू पिशवीत घेऊन. तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. मागच्या खोलीत गेली आणि एकेका भांड्यावरचं झाकण उचलत सुटली. पिंपं कोरडी होती. बंब कोरडा. बरण्या उपड्या. पलंगाखालच्या हंड्यात हात घालून तिने तळ चाचपला, आणि तिथे अजून थोडं पाणी होतं. ती हसली. मला वाटलं, घरी आल्याचा आनंद.

"पुरलं," ती स्वतःशी म्हणाली.

रविवार नव्हता, तरी दादांनी सतरंजी घातली होती. गिरणीतून ते मुद्दाम लवकर आले होते. गळ्याशी टाचणी तशीच होती.

"बैस," ते म्हणाले.

आई उंबऱ्यावर बसली.

"आता तूच सांग. शेजारून काही आणलं नाही. बाहेरचं खाल्लं नाही. मुलं वेळेवर शाळेत गेली. एक दिवस कुणी उपाशी राहिलं नाही. विचार त्यांना."

आईने आम्हाला विचारलं नाही.

"चाललं," दादा म्हणाले.

"हो. चाललं."

दादा क्षणभर घुटमळले. त्यांना आणखी काहीतरी अपेक्षित असावं. वाद, रडणं, निदान एखादा टोमणा. "तुझी आठवण आली नाही असं नाही हं," ते म्हणाले. "तो प्रश्न वेगळा."

"तो वेगळाच," आई म्हणाली. मग तिने हंड्यातलं उरलेलं पाणी पातेल्यात ओतलं, चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत दादांच्या सदऱ्याला बटण लावून दिलं. सदरा त्यांच्या अंगावरच होता. दोरा दातांनी तोडताना तिचं डोकं त्यांच्या छातीशी आलं, तेव्हा दादांनी मान सरळ ठेवली होती.

दुसऱ्या पहाटे नळ आला. आई खाली गेली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते आणि खालचं सगळं ऐकू येत होतं.

"आणली का गं मोटार भावजींनी?" जंगमकाकूंनी विचारलं.

"नाही."

"का म्हणून? बोली झाली हुती ना?"

"त्यांचं चाललं."

"चाललं?" काकूंचा आवाज चढला. "आगं, चालंल न्हाईतर काय! माझे दोन हंडे न्हेलेस तू. घरात तांब्या ठिवला न्हाईस मोकळा. तुला जायचंच हुतं तर पाण्याच्या आदल्या दिशी जायचं हुतंस! कोरड्या पिंपांवर बसू द्यायचं हुतंस बापलेकांना. तिसऱ्या दिशी मोटार खांद्यावर घिऊन आला असता कुर्डुवाडीला तुला न्यायला."

नळाखाली कळशी भरत होती. ती भरल्यावर आईने बाजूला ओढली.

"माहीत आहे," मग ती म्हणाली.

"म्हाईत हुतं? मंग?"

"पोरं काय प्यायली असती?"

आईने हंडा डोक्यावर घेतला, कळशी कमरेवर, आणि जिना चढायला लागली. वळणावर थांबली. तिने वर पाहिलं तेव्हा मी तिथेच होते.

"पिंपाचं झाकण काढून ठेवलंस का?" तिने विचारलं.

*

त्याच संध्याकाळी मी दादांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. मी म्हणाले, "दादा, आठ दिवस आपण आईच्याच पाण्यावर होतो. भाकरीही तिची, चटणीही तिची. आई नव्हतीच असं कुठे झालं?"

त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मुलांचं बोलणं ते कधी उडवून लावायचे नाहीत.

"बरोबर," ते म्हणाले. "साठा होता म्हणून चाललं. मी तेच म्हणतो. साठा नीट असला की माणूस असो-नसो, काम अडत नाही. आमच्या स्टोअरमध्ये बघ. माल किती आहे ते आम्ही पाहतो. पाठीवरून कोणी आणून टाकला, ते कुणी पाहत नाही. पाहायला लागलो तर स्टोअर चालणार कसं?"

"पण दादा..."

"वृंदे," स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पुरे. ये, पोळपाट दे मला."

ती शब्दाला जागली. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. मोटार नाही, आणि दुसरंही काही नाही. बैठकीच्या वेळी ती उंबऱ्यावर बसायची, तांदूळ निवडायची. दादा शेवटी सवयीने विचारायचे, "तुझं काही?" ती मान हलवायची. दादांना ते समाधान वाटायचं. काही वर्षांनी तर ते विचारायचेही राहिले.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा ती पाण्याच्या दिवशी वळणावर बसली ती पुन्हा उठली नाही. काकूंनी आणि मी तिला हातांवर धरून खाली आणलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. गर्भाची पिशवी पूर्ण खाली उतरली होती. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेल्या आणि रागाने म्हणाल्या, "हे कालचं नाही. वर्षानुवर्षांचं आहे. इतके दिवस यांचं चाललं तरी कसं?" हाच प्रश्न त्यांनी नंतर आईलाही विचारला. गुंगीतून नुकतीच उठलेली आई म्हणाली, "चाललं."

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं, वजन उचलायचं नाही. दादांनी तो कागद वाचला आणि त्याच दिवशी बाजारात गेले. मोटार आणली, चांगल्यातली, पाइप नवा, जोडारी बोलावून संध्याकाळच्या आत बसवून घेतली. थांबून बघू म्हणाले नाहीत. पहिलं पाणी माडीवर आलं तेव्हा ते आईच्या खाटेपाशी उभे होते.

"बघितलंस? गरज असली की मी एक दिवस थांबत नाही."

आई पाण्याचा आवाज ऐकत होती. "भरलं की बंद करा," ती म्हणाली. "सांडेल."

दादा निवृत्त झाले तेव्हा गिरणीच्या आवारात मंडप घालून सत्कार झाला. मॅनेजर बोलले, युनियनचे लोक बोलले. दादांनी किती माल वाचवला त्याचे किस्से झाले. मग दादा उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. थोडकंच बोलले, आणि शेवटी पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे हात केला.

"माझ्या हिशेबाचं कौतुक झालं. पण त्याचं श्रेय हिचं. एवढ्या संसारात हिने माझ्याकडे कधी एक वस्तू मागितली नाही."

मंडपात टाळ्या झाल्या. पुढच्या दोन-तीन बायकांनी वळून आईकडे कौतुकाने पाहिलं. आईही टाळ्या वाजवत होती. दादा खोटं बोलत नव्हते.

परतताना दादा गिरणीच्या जीपमध्ये हारतुऱ्यांसोबत पुढे गेले. आई आणि मी रिक्षात. तिच्या मांडीवर सत्काराची साडी आणि नारळ होता. मला राहवलं नाही.

"आई, तू मागितली होतीस. एकदा."

तिला आठवायला वेळ लागला, किंवा तिने तसं दाखवलं. रिक्षा आमच्या जुन्या गल्लीवरून गेली.

"दिलं नाही ते मागितल्यात कुठे धरतात," ती म्हणाली.

मग तिने मांडीवरचा नारळ उचलला, कानाशी धरला, आणि आत पाणी आहे का ते हलवून बघितलं.